डिलिव्हरीवाल्या दादांना टिप: किती, कधी आणि कशी

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पहिल्यांदाच पुण्या-मुंबईत, नाशकात, नागपुरात स्वतःचं बिऱ्हाड थाटलं की दाराची बेल दिवसातून चार वेळा वाजायला लागते. जेवण, किराणा, पार्सल, गॅसची टाकी, पाण्याचा जार, सकाळचं दूध. आईवडिलांच्या घरी कुणाला किती द्यायचं आणि कुणाला द्यायचंच नाही, हे वर्षानुवर्षं ठरून गेलेलं असतं. इथे मात्र दारात आपणच उभे असतो, हातात पाचशेची नोट असते आणि समोरच्या माणसाला पुढची ऑर्डर गाठायची असते. हा लेख त्या अर्ध्या मिनिटासाठी आहे.

बिल बघू नका, कष्ट बघा

हॉटेलात बसून जेवल्यावर बिलाच्या पाच-दहा टक्के ठेवायची सवय अनेकांना असते. अमेरिकेतून परतलेले पंधरा-वीस टक्क्यांचा हिशेब घेऊन येतात. घरपोच सेवेला हे माप इथे लावू नका. दोनशेची बिर्याणी आणि बाराशेचा केक आणायला पेट्रोल तेवढंच जळतं. उलट केकपेक्षा कमी पैशांत आलेले पाण्याचे दोन खोके आणि दहा किलो पीठ तिसऱ्या मजल्यावर चढवताना माणसाचा खांदा भरून येतो.

म्हणून चार गोष्टी बघा: वजन किती, जिने किती, ऊनपाऊस कसा आणि वेळ कोणती. यातली एकही गोष्ट अवघड नसेल, तर जेवणाच्या किंवा छोट्या किराण्याच्या ऑर्डरला २० रुपये ठीक आहेत. प्रत्येक अवघड गोष्टीमागे रक्कम वाढवत जा. लिफ्ट नसलेला तिसरा-चौथा मजला असेल तर ३० ते ५०. जुलैतला धो धो पाऊस, विदर्भातली मे महिन्याची दुपार, रात्री अकरानंतरची ऑर्डर, सणाचा दिवस, अशा वेळी ५०. दोन गोष्टी एकत्र आल्या, म्हणजे पाऊसही आहे आणि लिफ्टही बंद आहे, तर १०० रुपये देताना विचार करू नका. हे सरकारी दर नव्हेत; शहरातल्या आजच्या खर्चाकडे बघून काढलेला अंदाज आहे. तालुक्याच्या गावी थोडं कमी चालतं.

आणि पैशांची ओढाताण असेल, तर टिप न देणं हा गुन्हा नाही. महिन्याच्या मेसचे पैसे मोजून देणाऱ्या विद्यार्थ्याने त्याची लाज बाळगू नये. त्याने फोन पहिल्या रिंगला उचलावा, जमल्यास खाली उतरून फाटकापाशी यावं. वाचलेली पाच मिनिटंही त्या माणसाच्या कामाचीच असतात.

कारण साधं आहे. ॲपवर काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांना महिन्याचा पगार नसतो. प्रत्येक ऑर्डरमागे पैसे मिळतात, आणि पेट्रोल, गाडीची दुरुस्ती, मोबाइलचं रिचार्ज हे सगळं त्यांच्याच खिशातून जातं. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० या कायद्यात त्यांच्यासाठी गिग कामगार, प्लॅटफॉर्म कामगार अशा स्वतंत्र व्याख्या आल्या, आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. पण फाटकावर वाया गेलेल्या दहा मिनिटांची भरपाई आजही कुणी देत नाही.

आधीची तयारी: दाराजवळची डबी

टिप राहून जाते ती बहुतेकदा मन नसतं म्हणून नव्हे, तर सुटे नसतात म्हणून. चपलांच्या रॅकवर किंवा किल्ल्यांच्या खुंटीखाली एक छोटी डबी ठेवा. तिच्यात दहाच्या पाच, वीसच्या दहा आणि पन्नासच्या दोन नोटा घाला. साडेतीनशे रुपयांची ही शिदोरी एकट्या माणसाला दोन-तीन आठवडे सहज पुरते. डबी अर्धी झाली की किराणा दुकानातून सुटे आणा. दुकानदाराला सकाळी मागू नका, संध्याकाळी त्याच्या गल्ल्यात सुटे साठलेले असतात.

दहाची नाणी चालत नाहीत ही अफवा अजून कुठे कुठे ऐकू येते. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे की दहाच्या नाण्याचे सगळे १४ नमुने वैध आहेत. तरीही तुमच्या भागात दुकानदार ती घेत नसतील, तर टिप म्हणून ती देऊ नका. आपल्याला न चालणारी वस्तू दुसऱ्याच्या हातावर ठेवणं बरं नाही. फाटक्या, चिकटपट्टी लावलेल्या नोटांचंही तेच. त्या बँकेत बदलून घ्या.

ॲपमधून देताना

पैसे भरायच्या पानावर टिपचा रकाना असतो, २०, ३०, ५० असे आकडे तयार असतात. तिथे चुका होतात त्या अशा.

डिलिव्हरी फी, प्लॅटफॉर्म फी, हँडलिंग चार्ज, पावसाचा अधिभार या सगळ्या वेगळ्या रकमा आहेत. बिलात पावसाचे ३० रुपये लागलेले दिसले म्हणजे टिप दिली गेली, असं समजू नका. टिप हा शब्द लिहिलेली ओळ बिलात असेल तरच ती टिप.

काही ॲपमध्ये ‘पुढच्या ऑर्डरलाही हीच टिप’ अशी चौकट असते. तिच्यावर चुकून टिक झाली की प्रत्येक ऑर्डरला पैसे जातात आणि महिनाअखेरीस लक्षात येतं. ठरवून टिक केली असेल तर उत्तमच.

आधी द्यावी की नंतर? मिळणारे पैसे सारखेच असतात, पण नंतर दिलेली टिप खरी परिस्थिती बघून देता येते: लिफ्ट बंद होती का, फाटकावर किती थांबवलं. बऱ्याच ॲपमध्ये ऑर्डर पोहोचल्यावर टिप देण्याचा पर्याय काही काळ खुला असतो. जेवायला बसण्याआधी देऊन टाका, नंतर विसरतं.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. ‘दहा मिनिटांत आलात तर पन्नास देतो’ असं फोनवर सांगू नका. सिग्नल तोडायला आणि उलट्या दिशेने गाडी घालायला तेवढंच कारण पुरतं. पन्नास रुपयांसाठी कुणाचा पाय मोडू नये.

रोख किंवा यूपीआय

कॅश ऑन डिलिव्हरीची सगळी रक्कम त्या माणसाला कंपनीकडे भरावी लागते. तुम्ही दहा रुपये कमी दिलेत आणि ‘नंतर बघू’ म्हणालात, तर ते दहा त्याच्या खिशातून जातात. म्हणून आधी बिलाची रक्कम पूर्ण मोजून द्या, मग टिप वेगळी हातावर ठेवा. ३८० च्या बिलाला ४०० देणार असाल तर तोंडाने सांगा: ‘वीस तुमचे.’ न सांगता दार लावलं की तो बिचारा सुटे शोधत जिन्यात उभा राहतो.

पार्सलवाले कधी कधी कंपनीचा क्यूआर कोड दाखवतात. त्यावर भरलेले पैसे थेट कंपनीच्या खात्यात जातात, त्यात टिप मिसळता येत नाही. टिपसाठी ‘तुमचा स्वतःचा स्कॅनर दाखवा’ असं म्हणा, किंवा डबीतली नोट द्या. यूपीआयने पैसे पाठवले की समोरच्याला तुमचं नाव दिसतं, आणि यूपीआय आयडीमध्ये मोबाइल नंबर असेल तर तोही दिसतो. एकटीने राहणाऱ्या मुलींनी रोख किंवा ॲपमधली टिप वापरणं सोयीचं. आणि पावसात भिजलेल्या माणसाला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन बाहेर काढायला लावण्यापेक्षा नोट बरी. ती मात्र त्याच्या कोरड्या खिशात जाईल अशी घडी करून द्या.

गॅसची टाकी

इथे थोडं थांबू या, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन साधारण १५-१६ किलो. म्हणजे जवळपास ३० किलोचं लोखंड खांद्यावर घेऊन माणूस जिना चढतो, आणि रिकामी टाकी घेऊन उतरतो. दिवसभरात अशी कित्येक घरं. दुसरीकडे हेही खरं की पावतीवर छापलेल्या किमतीत घरपोच देण्याचा खर्च धरलेला असतो. त्यामुळे ‘वरचे पन्नास द्यावेच लागतील’ असं कुणी म्हणालं, तर ते बंधनकारक नाही. खुशीने दिलेले पैसे वेगळे आणि अडवून घेतलेले वेगळे.

क्रम असा ठेवा:

१. बुकिंग केल्यावर मोबाइलवर आलेला कोड टाकी दारात आल्यावरच सांगा, आधी फोनवर नको.

२. सील जागेवर आहे का बघा. टाकीच्या गळ्याशी, हँडलच्या पट्टीवर आतल्या बाजूने एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात, उदाहरणार्थ ‘सी-२७’. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षातल्या तीन-तीन महिन्यांच्या चार तिमाही. सी-२७ म्हणजे ती टाकी जुलै ते सप्टेंबर २०२७ मध्ये तपासणीला जायची आहे. तारीख उलटून गेलेली टाकी घेऊ नका.

३. शंका वाटली तर वजन करायला सांगा. गॅसवाल्याकडे काटा असायला हवा. टाकीवर रिकामं वजन लिहिलेलं असतं. ते १५.६ असेल तर भरलेल्या टाकीचं वजन २९.८ किलोच्या आसपास भरलं पाहिजे.

४. सील काढायला लावा, आतलं रबरी वॉशर बघा, गळती नाही याची खात्री करून घ्या.

५. पावतीएवढे पैसे मोजून द्या किंवा ऑनलाइन भरले असल्याचं दाखवा.

६. मग टिप. लिफ्ट असेल तर २० ते ३०, लिफ्ट नसेल तर दुसऱ्या मजल्यापासून पुढे ५०.

टिप शेवटीच का? आधी पैसे हातावर ठेवले आणि मग वजन करायला सांगितलं, तर दोघांनाही अवघड होतं. त्या पैशांचा अर्थच बदलतो. तपासणी हा तुमचा हक्क आहे, तो नीट बजावा, आणि कष्टाचे पैसे त्यानंतर मोकळ्या मनाने द्या. पैशांसाठी अडवणूक झाली तर वाद जिन्यात घालू नका, एजन्सीला कळवा. तिथे दाद लागली नाही तर १८०० २३३३ ५५५ हा टोल-फ्री क्रमांक आहे. गळतीचा वास आला तर मात्र थेट १९०६ लावा.

वीस लिटरच्या पाण्याच्या जारला दर वेळी टिप द्यायची पद्धत नाही. तो माणूस रोजचा असतो; महिन्याचं बिल देताना ५० रुपये वर द्या आणि रिकामा जार दाराबाहेर काढून ठेवा.

फ्रिज, वॉशिंग मशीन, कपाट

सात किलोचं फ्रंट लोड मशीन म्हणजे सात किलो कपड्यांचं. मशीन स्वतः साठ किलोच्या आसपास असतं, कारण ते फिरताना हलू नये म्हणून आत जड वजनं बसवलेली असतात. दोन माणसं ते पट्ट्यावर घेऊन अरुंद जिन्यातून वळवतात तेव्हा त्यांची बोटं भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये असतात.

ऑर्डर देतानाच मजला, लिफ्टची रुंदी आणि जिन्याचं वळण दुकानाला कळवा. ही माहिती लपवली की माल खाली उतरवून ‘वर न्यायचे वेगळे पैसे’ असा तिढा उभा राहतो. वर न्यायचे पैसे बिलात धरले आहेत का, हे आधीच विचारा. धरले नसतील तर तो मजुरीचा सौदा आहे, आकडा आधी ठरवा. त्याला टिप समजू नका.

टिप माणशी १०० रुपये. जिन्याने तीन मजले चढवलं असेल तर माणशी २००. आणि ती प्रत्येकाच्या हातात द्या. गाडीच्या ड्रायव्हरकडे किंवा मुकादमाकडे एकरकमी दिली की ओझं वाहणाऱ्यापर्यंत ती पोहोचेलच असं नाही. एकाकडेच द्यावी लागली, तर सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा: ‘हे तिघांचे तीनशे.’ वस्तू जागेवर लागली, पोचे-ओरखडे बघून झाले, की मगच.

चूक कुणाची, हे बघून मग राग

जेवण उशिरा आलं म्हणून टिप कापण्याआधी ॲप उघडून बघा. डिलिव्हरीवाला हॉटेलात कधी पोहोचला आणि पदार्थ कधी हातात पडले, हे बहुतेक वेळा तिथे दिसतं. स्वयंपाकघरात वीस मिनिटं गेली असतील तर त्याचा काय दोष? एखादा पदार्थ आलाच नाही, तर बंद पिशवीत काय भरलं हे त्याला माहीत नसतं. रस्सा सांडला असेल तर डबा बघा: झाकण नीट लावलेलं नसेल तर चूक पॅकिंगची, पिशवी उलटी झाली असेल तर वाहतुकीची.

तक्रार करताना योग्य रकाना निवडा. घाईत ‘डिलिव्हरी’ दाबलं की तो शेरा त्या माणसाच्या नावावर चढतो आणि त्याच्या कामावर परिणाम होऊ शकतो. ‘हॉटेलची चूक’ असा पर्याय शोधायला पाच सेकंद लागतात. ती पाच सेकंद घ्या.

उद्धटपणे बोलला, मुद्दाम चुकीच्या जागी सामान टाकून गेला, तर टिप देऊ नका आणि तक्रारही करा. चांगलं वागणं दोन्ही बाजूंनी लागतं.

हातावर ठेवताना

वयाने लहान असला तरी ‘अहो’ म्हणा. एकोणीस वर्षांचा मुलगा असेल तर ‘दादा’, पन्नाशीचे असतील तर ‘काका’, बाई असतील तर ‘ताई’, विदर्भात ‘भाऊ’. हिंदी बोलणाऱ्यालाही ‘दादा’ चालतं. आपल्याकडे ‘भैया’ या शब्दाला जी झाक आली आहे, ती ज्याच्या कानावर पडते त्याला बरोबर कळते. ‘चिरीमिरी’ आणि ‘चहापाणी’ हे शब्दही टाळा, त्यांना लाचेचा वास आहे. ‘हे तुमच्यासाठी’ एवढं पुरे. नोट हातातच द्या, पार्सलच्या खोक्यावर किंवा पायरीवर ठेवू नका. कुणी ‘नको’ म्हणालं तर एकदा आग्रह करा, दुसऱ्यांदा नको.

उन्हाळ्यात पाणी विचारा, अगदी न चुकता. आणि ते घरातल्या नेहमीच्याच पेल्यातून द्या. डिलिव्हरीवाल्यांसाठी वेगळा पेला बाजूला काढून ठेवणं ही ज्या जुन्या प्रथेची आठवण आहे, ती या महाराष्ट्रात पुन्हा दारात येऊ देऊ नका. त्याच्याकडे बाटली असेल तर ती भरून द्या, ते सगळ्यात उपयोगी. पुढचे दोन तास निघतात.

अनेक सोसायट्यांत ‘डिलिव्हरीवाल्यांनी लिफ्ट वापरू नये’ अशी पाटी असते. तुमच्या सोसायटीत असेल तर सेक्रेटरीला लेखी पत्र द्या, सर्वसाधारण सभेत विषय घ्यायला लावा. तोपर्यंत फाटकावरच्या ॲपवर नोंद आधी करून ठेवा आणि जड सामान असेल तर स्वतः खाली जाऊन त्यांना लिफ्टने वर आणा. आठव्या मजल्यावर पायी चढायला लावून हातावर वीस रुपये ठेवले, तर त्या वीस रुपयांना काही अर्थ उरत नाही.

पोस्टमन

पोस्टमन सरकारी नोकर आहेत. पासपोर्ट, आधार कार्ड, स्पीड पोस्ट या सगळ्याचे पैसे आधीच भरलेले असतात, पाकिटापोटी काही देणं लागत नाही. मनिऑर्डर घेताना वर काही द्यायची जुनी सवय पुढे चालवायची गरज नाही. पाणी, दोन शब्द आणि दारावर स्पष्ट नावाची पाटी, हे त्यांना पुरेसं आहे.

दिवाळीची पोस्त

रोज येणाऱ्यांना रोज टिप द्यायची नसते. पेपरवाला, दूधवाला, नेहमीचा पार्सलवाला, जारवाला, डबेवाला यांच्यासाठी आपल्याकडे पोस्त आहे. पेपरवाल्याला १०१ किंवा १५१, दूधवाल्याला २५१, नेहमीच्या कुरियरवाल्याला १०१ हे एका लहान घराला झेपतं. मुंबईत १८९० पासून डबे पोहोचवणाऱ्या डबेवाल्यांना दिवाळीत एका महिन्याचे पैसे जास्तीचे द्यायची रूढी आहे. पहिलं वर्ष असेल तर हे आधीच हिशेबात धरा.

पोस्त वसुबारसेपासून लक्ष्मीपूजनाच्या आत द्या, म्हणजे त्यांच्या घरच्या खरेदीला उपयोगी पडते. पाकिटावर नाव लिहा. फराळ जरूर द्या, पण पैशांऐवजी नको, पैशांबरोबर द्या. सोसायटीने सगळ्यांची मिळून वर्गणी काढली असेल तर त्यात कोण कोण धरलेत ते विचारून घ्या. बहुतेकदा सफाईवाले आणि रखवालदार असतात, पेपरवाला राहून जातो. आणि या दिवसांत वही घेऊन अनोळखी माणसं ‘आम्ही अमुक खात्यातले’ म्हणत दारात येतात. रोजचा ओळखीचा चेहरा नसेल तर नम्रपणे नाही म्हणा.

कुणाला किती दिलं हे मोबाइलमध्ये लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी आकडा चुकून खाली येणार नाही. आणि वर्षाच्या मध्येच घर बदलत असाल तर पेपर आणि दुधाचं शेवटचं बिल चुकतं करताना पोस्तही त्याच वेळी देऊन टाका; दिवाळीत त्या दारात दुसरंच कुणी राहत असेल.